मांडे नकोत, पोती आणा

काय सांगू तुम्हाला, जन्म माझा शिंदखेड्याकडचा, बापाचा गोठा जनावरांनी भरलेला, आणि लग्न होऊन आली धुळ्याला तर दारात बांधायला एक शेळीसुद्धा नाही, दोन खोल्या आणि समोर रस्ता. आमचे हे रिक्षा चालवतात, मी खापरावरचे मांडे करून देते, लग्नाला, बारशाला, आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय तृतीयेला. मातीचं खापर चुलीवर पालथं घालायचं आणि पुरण भरलेला मांडा हातावर लांबवून लांबवून त्याच्यावर टाकायचा, हे आईनं शिकवलं. माझ्यासारखा मांडा आमच्या गल्लीत कोणाला जमत नाही, हे लोकच बोलतात, पण मलाही ते खरंच वाटतं. तुमच्याशी जरा नीट बोलतेय, मधी मधी आमची अहिराणी येईल बरं, सांभाळून घ्या.

तर तांबडी. ती कोणाची गाय नव्हती, म्हणजे कोणाची तरी असेलच, पण सोडून दिलेली. रोज सकाळी दारात यायची, मी भाकरीचा तुकडा द्यायची, एवढंच आमचं नातं. एक दिवस हायवेवर तिला ट्रकनं उडवलं, मागचा पाय मोडला. आमच्या ह्यांनी चार माणसं जमवली, टेम्पोत घातली आणि गावाबाहेर जखमी जनावरं सांभाळतात तिथं नेली. ते ठिकाण नाना चालवतात, जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेला माणूस, तोंडाचा फटकळ पण जीव लावणारा.

महिन्याभरानं आखाजी आली. पोरी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, घरोघर गोड, आणि माझी तांबडी तिकडं कोरडा चारा खातेय, मला घास उतरेना. पाच मांडे डब्यात घातले, वर तूप ओतलं आणि गेली. नाना जेवायला गेलेले. एकेक करून पाचही चारले, ती चाटून चाटून खात होती आणि मी रडत होती आनंदानं, काय मूर्ख बाई मी.

दुसऱ्या दिवशी ह्यांना नानांचा फोन. डबा तिथंच विसरली होती, त्यावरून त्यांना कळलं. जाऊन बघते तर तांबडीची डावी कूस फुगून टणक झालेली, रवंथ बंद, डोळे लागलेले. नाना बोलले, अक्का, हाई काय कयं तुम्ही? मी बोलली, सणाचं गोड दिलं. ते बोलले, तिना पोटमा पुरण आंबी जास अक्का, ती मरी जाई. नानांनी बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, नळी घातली, सोड्याचं पाणी पाजलं, आणि मी तिच्या डोक्याशी बसून, देवा हिला नेऊ नको, मला काय करायचं ते कर. दोन दिवस बसली. तिसऱ्या सकाळी तिचा जबडा हलायला लागला, रवंथ सुरू झाला, मी नानांच्या पाया पडायला गेली तर ते मागं सरले, बोलले, पाया पडू नका, पण आजपाईन हिले तुम्ही काहीच देवानं नही.

आजपासून हिला काहीच चारायचं नाही, ते लागलं हो मला. जन्मभर लोकांना खाऊ घातलं, आणि आता माझ्या हाताची भीती वाटावी? पण खोटं काय होतं त्यात. मी विचारलं, मग मी करू काय? नाना बोलले, जुनी लुगडी आणा, रिकामी पोती आणा, आणि दुपारचा एक तास द्या.

मग तेच धरलं. पडून राहिलेल्या जनावराची कूस बदलावी लागते, नाहीतर हाडाशी कातडं सोलवटतं, म्हणून पोत्यात भुसा भरून गाद्या शिवल्या, लुगड्यांच्या गोधड्या केल्या. मांड्याची ऑर्डर घेताना मी सांगते, बाई, घरातल्या फाटक्या चादरी देऊन ठेव. कोणी कडब्याच्या पेंढ्या पाठवतं, कॉलेजच्या पोरी रविवारी येऊन कुत्र्यांना आंघोळ घालतात, आणि आमचे हे रस्त्यात जखमी जनावर दिसलं तर ओढत नाहीत, आधी नानांना फोन करतात, कसं उचलू म्हणून.

पोळा असो की दिवाळी, मी फाटकातच उभी राहते. पुरणपोळ्यांची ताटं घेऊन येतात ना, सगळ्यांना थांबवते, तुमचं प्रेम शे, पण पोट तिचं शे, असं सांगते. एक साहेब वाढदिवसाला जिलेबीचं खोकं आणि फोटो काढणारा घेऊन आले. चिडले माझ्यावर, तू कोण अडवणारी? मी बोलली, मी मांडे चारून गाय मारायला निघालेली बाई. मग मी बादली दिली हातात, हौद भरला बिचाऱ्यांनी, फोटोही त्याचाच काढला, आणि आता पाणी भरायला अधूनमधून येतात, फोटोवाल्याशिवाय.

तांबडी आता उभी राहते, लंगडते, पण चालते. वर्ष होत आलं, मी तिचं शेण काढलं, अंग पुसलं, पण तोंडाशी हात नेला नाही. परवा नाना मक्याची हिरवी पेंढी घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. बोलले, अक्का, आज तुम्ही टाका. मी पेंढी तशीच धरून विचारलं, नाना, किती टाकू? तर ते हसले, आते तुम्ही इचारतस ना, मंग भिवानं नही, म्हणजे आता भ्यायचं नाही.

तांबडीनं आधी हुंगलं, एक पान ओढलं, मग सगळी पेंढी माझ्या हातातूनच खाल्ली. देवानं तिला असंच खातं ठेवावं, मला आणखी काय पाहिजे.