झांजा जरा हळू

अनुपमा : नाही काका, उद्याच्या कीर्तनात तानुआजीच्या हातात झांजा नकोच. नांदुऱ्याच्या चर्चची मंडळी येऊन राह्यली. माझी पेटी पुढं जाते, अन् आजीची झांज मागून लंगडत येते.

मोतीराम : डोये मिटून वाजवते ना ते.

अनुपमा : झोपते!

मोतीराम : झोपत नाही व पोरी, पाह्यते. तू बी पाह्य एकडाव. हळू गायलं का मले तर शेवटच्या जेवनाची ते माडी दिसते. गंगाळातलं पानी हालते, पान्यात दिवा हालते. प्रभू कमरेले पंचा बांधून खाली बसला, अन् शिष्याचा, पेत्राचा, धुळीचा पाय त्याच्या हातात...

अनुपमा : काका. ताल.

मोतीराम : तालाचं मी पाह्यतो ना. ते मागं राह्यली का मी थांबतो तिच्यासाठी. बोटं सुजले तिचे.

अनुपमा : म्हणजे तुमी मुद्दाम? मले वाटे, तुमचंच वय झालं!

मोतीराम : वाटू दे. तिले सांगशीन नको. झांजा घेतल्या तर ते घराबाहेर निघन का? पाय धुयाचं आख्यान गायासाठी मी म्हातारीले जाग्यावरून उठवू?

(मोतीराम खोकत अंगणातल्या नळाकडे जातो. तानुबाई पदरानं झांजा पुसत येते, पेटीवर पडलेला निंबाचा फुलोरा हातानं झाडते आणि बसते.)

तानुबाई : गेला का व तो?

अनुपमा : पानी प्याले गेले, आजी.

तानुबाई : मंग आयक. उद्या पेटी हळू वाजवजो. लय पयतं तू.

अनुपमा : मी पळते?

तानुबाई : मोतीरामले दम लागते ना. पानी ओतायची ओळ आली का छातीचा भाता होते त्याच्या. म्हणून मी झांज धरून ठेवतो. त्याले वाटते, म्हातारी चुकली. वाटू दे बाप्पा.

अनुपमा : (पेटीवर वाकून तोंड लपवते.)

तानुबाई : हासतं का रडतं व?

अनुपमा : काही नाही. बोटं दुखतात ना तुमचे?

तानुबाई : दुखतात. पन जल्दी वाजवता येते अजून. हे पाह्य! (झांजा भराभर वाजवते.)

अनुपमा : आजी! हळू! ते आयकतीन!

मोतीराम : (नळावरून) कोन व ते? कोन वाजवून राह्यलं इतकं जल्दी?

अनुपमा : मीच हाव, काका. मलेच घाई झाली होती.