आप्पांचा डावा हात

सेलूच्या स्टँडवर परभणीची गाडी अजून लागायची होती. महेश्वरी तान्ह्याला थोपटत बसली होती. शेजारच्या बाकावर एक आजोबा होते, आणि मांडीवर लॅपटॉप उघडून बसलेली त्यांची नात.

"आप्पा, बघा. तुमचा हात हलला की घड्याळ टिपून घेतं अन् बिगरतारेचं इथं पाठवतं. ही रेघ डॉक्टरला दाखवायची."

"सरळच हाय की रेघ! मग कशाला जायलोत? चल घरी."

"सरळ कशी? सकाळी चहा धोतरावर सांडला तुमी. मी कॉलेजला जाताना डाव्या हातात बांधलं होतं ना घड्याळ?"

"उजव्यात घातलं."

"अन् थरथरतो कोणता?"

"गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पुजतो मी, पोरी. पूजेला घड्याळ काढावं लागतंय."

"पूजा झाल्यावर परत घालायचं की. आप्पा, खरं सांगा."

"डॉक्टर म्हणला, आता लिंग हातावर घेऊ नका, तर? दीक्षा झाल्यापास्नं एक दिवस चुकलो न्हाई मी."

तान्ह्याला थोपटणारा महेश्वरीचा हात थांबला.

"अन् कधी हातातून पडलं तर, आप्पा?" नातीनं विचारलं.

आजोबांनी उजव्या मनगटावरचं घड्याळ सोडून तिच्याकडं दिलं. मग त्यांनी डावा हात नातीपुढं केला. तो थरथरत होता.

"बांध. पूजेतबी काढत न्हाई आता. पण डॉक्टरला सांग, पूजेच्या टायमाची रेघ सरळ दिसली तर फसू नको म्हणावं. तवा खालून तुझ्या आजीनं हात धरलेला असतोय."