वहिनीच्या डब्यातली बिस्किटं

नाताळच्या आदल्या आठवड्यात तोलेदोच्या दवाखान्यात माझ्या शेजारी कासिल्दा आणि तिची मैत्रीण ओबदुलिया नंबराची वाट बघत बसल्या होत्या.

“आईनं बदामाच्या बिस्किटांची कृती निएवेसवहिनीला दिली, ओबदुलिया. पोटच्या मुलीला नाही.”

“अजून तेच धरून बसलीस?”

“सगळ्यांना सांगते, हात असावा तर निएवेसचा.”

“मग तूही करून बघ की.”

“केली ना. बदाम घरी सोलले, लिंबाची साल किसून घातली. आईनं एक तुकडा मोडला आणि कोरडी झालीत म्हणाली.”

“असतील कोरडी.”

“गेल्या आठवड्यात तीच बिस्किटं वहिनीच्या रिकाम्या डब्यात भरून नेली. म्हटलं, निएवेसनं पाठवलीत.”

“बाई गं. मग?”

“तीन खाल्ली. वर मला म्हणाली, शीक जरा तिच्याकडून.”

“तिथंच सांगायचं ना, माझी आहेत म्हणून.”

“तोंडाशी आलं होतं. पण महिन्याभरात पहिल्यांदाच ती मनापासून खात होती. आता रोज मागते, मी रोज भाजते.”

“निएवेसला ठाऊक आहे?”

“काल आली होती. आईनं तिचं तोंडभरून कौतुक केलं.”

“मग काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘उद्या आणखी पाठवते हं, आई.’”