हिची सायकल विकायची आहे

—ती नव्हे, ती नव्हे! ती माझी. जाग्यावरची, व्यायामाची. तिच्या हँडलला हात लावू नका, आत्ताच उतरलोय, घाम असेल. विकायची आहे ती ही, दाराशी टेकवलेली, निळी — आमच्या हिची. फोनवर सांगितलं ना मी, बायकांची सायकल, टोपलीसकट. बघा, फिरवून बघा, घंटी वाजवा, वाजवा हो, शेजारी कोणी काही म्हणत नाही. जाहिरातीत मी 'न वापरलेली' असं लिहिलंय — ते आपलं लिहायचं म्हणून. तुम्ही मास्तर माणूस, तुमच्याशी खोटं कशाला बोलू, वापरलेली आहे. रोज वापरते ती. रोज सकाळी चांगले दोन तास. घेतल्यापासून एक सकाळ चुकवली नाही बाईने. मग विकायची कशाला? — विचारा की, मीसुद्धा विचारलं असतं. विकायची कारण विकायची. एवढ्याशा घरात दोन सायकली कशाला? आणि आज ती नाहीये घरी, म्हणून तर तुम्हाला आजच बोलावलं. बहिणीकडे गेलीय, मेव्हणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुपारपर्यंत येईल. आली की सांगायचं, दारातून चोरीला गेली. झालं. — असे बघू नका माझ्याकडे. तुम्ही रोख देऊन नेणार, तुमच्या अंगाला काही चिकटत नाही. बायकोसाठी घेताय ना? चालवता येते त्यांना? शिकणार आहेत! बरं बरं. शिकू द्या. पण एक सांगतो, सावध राहा. नाही — काही नाही. बसा ना तुम्ही, उभे का?

माझं अख्खं आयुष्य सायकलवर गेलं, खरं वाटेल का? आता बघून नाही वाटणार. लिफ्ट दुरुस्त करायचो मी. गावातली एक लिफ्ट अशी नाही की जिच्या डोक्यावर मी उभा राहिलो नाही. आणि जायचं सायकलने, कॅरियरला हत्यारांची पिशवी, पाऊस असो, ऊन असो. दुसरे मेकॅनिक स्कूटरवर आले, मी नाही बदललो. मला विचारायचे, अहो दमत नाही का? दमायचंय कशाला? पुलावरचा चढ चढायचा, मग पलीकडे नुसतं सोडून द्यायचं — पाय मोकळे, शर्टात वारा शिरतोय, पलीकडच्या पिठाच्या गिरणीपर्यंत एकदाही पायडल मारायचं नाही. त्यासाठी तर चढायचं. आणि मग एक दिवस लिफ्टच्या डोक्यावर उभा आहे, लिफ्ट जाग्यावर, ब्रेक लागलेला, आणि मी आपला खाली चाललोय. खाली, खाली. पोऱ्याने कमरेला धरलं म्हणून वाचलो. डॉक्टर म्हणाले, माणसाचा तोल कानात असतो. आता माझा तो बिघडला. म्हणजे उंचीवर चढणं बंद, सायकल बंद. चालायला हरकत नाही म्हणाले, पण कुणाचा तरी हात धरून. आणि व्यायाम हवा तर घरात ही घ्या. घेतली. ही बघा. पडता येत नाही हिच्यावरून, पडायचं म्हटलं तरी.

बसून बघायचंय? बसा, एकदा बसाच तुम्ही. काय दिसतंय समोर? कपाट. रोज कपाट. पडद्यावर आकडा पळतोय, एवढे किलोमीटर झाले, तेवढे झाले — आणि मान वर केली की कपाट, त्याच्या दारावर हिचा गाऊन लटकतोय. वारा हवा म्हणून पंखा लावला, तर त्याचा वारा एकाच बाजूने, दुपारी तोच, सकाळी तोच. रस्त्यावर एका वळणाचा वारा दुसऱ्या वळणाला नसतो हो. आणि हे बटण बघताय? ते चढाचं. एक दाबलं की थोडा चढ, आठ दाबलं की मांड्या फुटतील. चढच चढ! मी दुकानदाराला विचारलं, उताराचं बटण कुठंय? तो हसायला लागला. म्हणाला, काका, उतार घेऊन काय करणार, त्याने व्यायाम होत नाही. आता त्याला काय सांगू. ज्याने कधी उतार सोडला नाही त्याने ही यंत्रं बनवलीत, हे मी तुम्हाला लिहून देतो. उतरा आता. तुम्हालाही कंटाळा आला, दिसतंय.

तर मी हा असा. आणि मग एक दिवस ही म्हणते, मी शिकते सायकल. पन्नाशीची बाई! मी म्हटलं शीक. मला वाटलं, चार दिवसांत गुडघा फोडून घेईल आणि बसेल. तर ही शिकली. मागच्या मैदानात जाऊन, कुणा शेजारणीकडून, मला बघायलासुद्धा येऊ दिलं नाही — तुम्ही आलात की मी पडेन, म्हणाली. आणि आठवड्याभरात, येते मला, जाते मी आता. गेलीसुद्धा. माझ्या रस्त्याने! गेटपासून वळणापर्यंत हातात नेते, तेवढं मला गॅलरीतून दिसतं. तिथे खडी टाकलीय, चाक घसरतं म्हणते. वळण घेतलं की गेली, मग दोन तास पत्ता नाही. अहो, पुलाच्या पलीकडे जाऊन यायला मला अर्धा तास लागायचा, रमतगमत. हिला दोन तास! आणि येते ती कशी? गाल लाल, केस विस्कटलेले, गुणगुणत. पाणी पिते आणि सांगायला बसते. गिरणीच्या मागे कुत्रीने पिल्लं घातली, पाच आहेत, एकाचा कान काळा. शिंप्याने पाटी बदलली. त्या पिवळ्या घराच्या म्हातारीने खिडकीत लोणच्याच्या बरण्यांत पाण्यात वेली लावल्यात, तिच्याशी दोन शब्द बोलले. — माझ्या रस्त्यावर! इतकी वर्षं त्या पिवळ्या घरावरून गेलो मी, मला कधी म्हातारी दिसली नाही. हिला दिसली. मी विचारतो, वारा होता का पुलावर? तर म्हणते, असेल. असेल! म्हणजे मला हवं ते तिला मिळतंय आणि तिचं लक्षसुद्धा नाही. जळतो मी, मास्तर. उघड सांगतो, आतून जळतो. ती सांगत असते आणि मी चहाच्या कपात बघत असतो.

शिवाय तो दातवाला. तो नाक्यावरचा दातांचा डॉक्टर हो, त्याचा एक सायकलवाल्यांचा गट आहे. सगळे घट्ट कपडे घालून, डोक्याला ती कवटीसारखी टोपी. सकाळी तिकडूनच जातात. मी हिला विचारलं, तो असतो का गं? तर म्हणाली, असतात की, दिसतात रोज, हात करतात. हात करतात! त्यातून मागच्या आठवड्यात तो मला खालच्या औषधाच्या दुकानात भेटला. आणि काय म्हणावं त्याने? म्हणाला, 'काका, काकूंना पाठवा की कधी आमच्याबरोबर, त्यांच्याकडे सायकल आहे ना?' बघा, कसा साळसूद! रोज बरोबर असायचं आणि वर मलाच म्हणायचं पाठवा. घरी आलो, या यंत्रावर बसलो आणि चढ आठवर टाकला. तेच तर करतो मी रोज, आता झाकून काय ठेवू. ती गेली की मीही बसतो. डोळे मिटतो आणि निघतो तिच्या मागे. आता नाक्यावर असेल, आता शिंप्यापाशी. हाण. पुलाच्या चढावर त्या दातवाल्याला मागे टाकतो, रोज टाकतो, त्याची ती कवटी मागे जाताना दिसते मला. पण ही सापडत नाही. उतारावर गाठेन म्हणतो, आणि उतार येतच नाही. डोळे उघडतो तर गाऊन.

असं नका समजू की आमचं काही भांडण आहे. छे! घर सोडून मी जातोच कुठे? नोकरी सुटल्यापासून चोवीस तास तिच्याबरोबर. ती भाजीला निघाली की मी पायात चपला घालून तयार. तिला पिशव्या उचलाव्या लागतात, मी सोबत असलेला बरा — आणि मलाही हात धरायला कुणी लागतं. ती स्वयंपाकघरात असली की मी स्टुलावर. गॅस बारीक कर, डबा नीट लाव, काही ना काही चुकतंच माणसाचं. बहिणीचा फोन आला की मी म्हणतो, आवाज मोठा ठेव, मलाही ऐकू दे. आता बहिणीकडे गेली तेव्हासुद्धा मी येतो म्हणत होतो. ती म्हणाली, तिथे जिना उभा आहे, तुम्हाला चक्कर येईल. बरोबरच आहे तिचं. काळजी करते. तर सांगायचं काय, एवढे दोन तास सोडले तर —

काय झालं? काय बघताय खाली वाकून?

लेबल? कसलं लेबल? पायडलवर? असेल कंपनीचं. कागदी? फाटलेलं असेल. — नाही? थांबा, सरका जरा. मला वाकता येत नाही पटकन, हात द्या. हं. सायकल वर करा. तिकडचं पायडल फिरवा. हेही... याच्यावरही आहे. अक्षर न् अक्षर वाचता येतंय. चिकटवलं तसंच्या तसं.

मी हात लावला नव्हता हो या सायकलीला. एकदाही नाही. बघवतच नव्हती मला ती, तोंड फिरवून जायचो दारातून. नाहीतर माझ्या नजरेतून सुटलं असतं का? जन्मभर झीज बघत आलो मी, दोर कुठे झिजला, चाक कुठे घासलं. या पायडलवर पाय पडलेला नाही. कुणाचाच. तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, न वापरलेली आहे. मी जाहिरातीत खोटं लिहायला गेलो आणि —

मग जाते कुठे? दोन तास जाते कुठे रोज? सायकल कुठेतरी लावून — कुणाच्या दारात? त्या दातवाल्याच्या? नाही, तो म्हणाला पाठवा... म्हणजे खरंच म्हणाला तो. त्याला माहीतच नाही, हात करतात हे हिने नुसतं सांगितलं. पण चाकाला तर माती आहे, बघा ना, ही लाल माती पुलापलीकडची आहे, इकडे नाही असली. म्हणजे सायकल जाते. सायकल जाते, पण हिचा पाय पायडलवर नाही. — खडी नव्हे हो. वळणापर्यंत नव्हे. पुढेसुद्धा हातातच. सगळा रस्ता हातात धरून चालते ती! सांगतोय काय मी तुम्हाला, पिल्लाचा कान काळा आहे हे सायकलवरून दिसतं का कधी? म्हातारीशी दोन शब्द बोलायचे तर थांबावं लागतं. अर्ध्या तासाला दोन तास, बरोबर बसतंय सगळं. शिकलीच नाही ती. चालत जाते. आणि मी इथे घाम गाळून सायकल हाणतोय, एका चालणाऱ्या बाईच्या मागे. तरी सापडली नाही मला.

पण मग तसं सांगायचं ना. चालायला जाते म्हणायचं, सरळ. त्यात लपवण्यासारखं काय आहे? चालायला जाते म्हणाली असती तर मी काय नको म्हटलं असतं? मी तर उलट —

मी चपला घातल्या असत्या.

हं. घातल्या असत्या. चालायला मला हरकत नाही, डॉक्टर म्हणालेत. तिचा हात धरला असता, आणि सगळ्या रस्त्याने सांगत गेलो असतो, इकडून चल, तिकडून नको, ही पिल्लं कसली बघतेस. सायकल असली की कुणी सोबत येत नाही, मास्तर. सायकलवाल्या बाईला नवरा म्हणत नाही, मीही येतो. म्हणून एवढं लोखंड रोज ढकलत नेते ती. पुलाच्या चढावरसुद्धा. त्या दातवाल्यावर जळत होतो मी, वाऱ्यावर जळत होतो. आणि तिला नको होतो तो मी. दोन तास. बाकीचे बावीस माझे आहेत, पण ते तिने मला दिलेले नाहीत, मी घेतलेत. लागलं हो. आत कुठेतरी लागलं. अजून जळतोच आहे मी, फक्त आता कुणाचं नाव घेऊ ते कळत नाही.

नाही, विकायची नाही. पैसे आत ठेवा. दुप्पट दिलेत तरी नाही. तुमच्या मंडळींसाठी दुसरी बघा, आणि त्यांना शिकायचं असेल तर मैदानात एकट्या जाऊ द्या. तुम्ही मागून धावू नका. सीट वर केलीत ना मघाशी? होती तेवढी खाली करा. चाकाची माती पुसू नका, राहू दे. टोपली अशी जरा वाकडी होती, हां. तिला कळता कामा नये कुणी हात लावला होता ते. तुम्ही आज आलाच नाहीत. माझं म्हणाल तर उद्या सकाळी ती निघाली की मी फुगून बसणार. हो, बसावंच लागेल. आल्यावर विचारणार, दातवाला होता का, वारा होता का. रोज विचारतो, एक दिवस नाही विचारलं तर तिला संशय येईल, आणि मग जायची नाही ती. तेव्हा जळायला तर हवंच मला. ते जमतं, सवय आहे.

जा आता तुम्ही. लिफ्टने नको, जिन्याने जा. ती लिफ्टने येते.