ताईच्या बाजूने चार वाईट शब्द

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोला, इथे दुकानात गिऱ्हाईक रेडिओ वाजवून बघतंय… अहो दादा, बारीक करा तो! घ्यायचा नसेल तर निदान ऐकू तरी नका फुकट… हां, बोला. कोण?

… तू?

छे. मी कशाला फोन करीन तुला? सुनेने केला असेल. चुकून लागला असेल… दोनदा? मग दोनदा चुकून लागला.

हो, बरी आहे. मला काय धाड भरलीय… तुझे गुडघे कसे आहेत?… मग चालावं जरा, बसून बसून गंजतात… टोमणा नाही गं! एवढ्या वर्षांनी मोठी बहीण सरळ बोलली तरी तुला टोमणाच ऐकू येतो.

अगं ऐक ना. ठेवू नकोस. सून समोर उभी राहून हातवारे करतेय, तू फोन ठेवलास तर माझा जीव खाईल.

काम आहे… हो, तुझ्याकडेच… हस. हसून घे, मी थांबते… झालं?

कोर्टाचं आहे. तुझ्या कानावर आलंच असेल, या घरात भांडं पडलं तरी तुला तिकडे आवाज जातो… हो, तेच. चोरीचा माल विकत घेतला म्हणून. खालच्या कोर्टाने आम्हा दोघींना सहा-सहा महिने ठोठावले. मला, दुकान माझं म्हणून. आणि सुनेला, गल्ल्यावर ती बसली होती म्हणून. वरच्या कोर्टात अपील केलंय, आज तारीख होती… नाही, सुटलो नाही. अडकलोही नाही. लोंबकळतोय. म्हणून तर…

थांब, पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नकोस… बघ, बोललीसच!

एक माणूस यायचा दुकानात. लंबू म्हणायचो आम्ही त्याला. काहीबाही विकायला आणायचा. गोड बोलायचा. 'काकू, तुमच्यासारखी नजर अख्ख्या बाजारात नाही.' बस्स. एवढं पुरलं मला. कोणी माझ्या नजरेची तारीफ केली की माझे डोळेच मिटतात… हो, तुला माहीत आहे, पण मला कुठे माहीत होतं!

त्याने आणलं भिंतीवरचं घड्याळ, एक टेबलफॅन, एक कॅमेरा. आणि एक शिलाई मशीन. सगळं लोकांच्या घरातून उचललेलं… नव्हतं गं माहीत! शप्पथ. पण हेच कोर्टाला पटत नाही. आणि का पटत नाही? माझ्या तोंडामुळे.

खालच्या कोर्टात विचारलं, 'बाई, तुम्हाला जुन्या वस्तूंची पारख आहे का?' आपला वकील डोळे फाडफाडून खुणा करतोय, नाही म्हणा, नाही म्हणा. पण मागच्या बाकांवर सगळा जुना बाजार येऊन बसलेला. खुर्च्यावाला, भांडीवाली, तो टकल्या घड्याळवाला. त्यांच्यादेखत नाही म्हणू?… मी म्हटलं, 'साहेब, माझे डोळे बांधा आणि वस्तू हातात द्या. कुठल्या घरातून आली, कोणी वापरली, का विकली, सगळं सांगते.'

… हो, असंच. पदर खोचून. टकल्याने मान डोलावली, तेव्हा तर मला वाटलं जिंकलेच मी.

साहेबांनी ते लिहून घेतलं, आणि निकालात जसंच्या तसं माझ्या अंगावर फेकलं. जिला एवढं कळतं, तिला माल चोरीचा आहे हे कळलं नाही, हे कसं मानायचं? झालं. वकील उगाच केला बघ. इतकं सुंदर हरायला मी एकटी पुरेशी होते.

… पुढचं ऐकलंस तर तुझं हसणं थांबेल. नाहीतर वाढेल.

घड्याळाचा मालक आला, पंख्याची मालकीण आली, कॅमेरेवाला आला. सगळ्यांनी आपापली वस्तू ओळखली. मशीनला मात्र कोणी विचारेना. कोर्टाच्या टेबलावर आपलं पडून. का कोणी येईना?… कारण मालकीण आरोपी म्हणून पिंजऱ्यात उभी होती.

हो. आपलं. आईचं.

… हॅलो?… आहेस ना?

… ओरड. ओरडून घे… हो, ज्याच्यावरून भांडलो तेच. आईकडे काय मशीनचा कारखाना होता?

मला काय माहीत कधी चोरलं! मागच्या खोलीत चादरीखाली होतं… नाही, शिवत नव्हते. मला कुठे येतं शिवायला… तुला मिळू नये म्हणून घेतलं होतं. झालं समाधान? आणलं, चादर टाकली, पुन्हा कधी उचलून बघितली नाही. त्या लंबूने मशीन काढलं आणि तिथे खोकं ठेवून चादर परत नीट घातली. माझ्यापेक्षा तो टापटिपीचा. मी त्या खोक्यावर रोज धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवत होते. मनात म्हणायची, आईची आठवण आहे हो खाली.

आणि मग त्यानेच त्याला हिरवा रंग फासला आणि पुढच्या दाराने आणून मलाच विकलं. मी काय म्हणाले असेन? 'अस्संच मशीन माझ्या आईकडे होतं. पण आईचं अस्सल. हे तुझं काहीतरी नकली आहे.' भाव पाडला गं त्याचा! आईच्या मशीनला नावं ठेवून ठेवून निम्म्यात घेतलं. संध्याकाळी जेवताना सगळ्यांना सांगितलं, आज एकाला कसा गुंडाळला.

… रडतेस की हसतेस? काहीतरी एक कर.

कोर्टात कळलं. हवालदार कंटाळून चाक फिरवत बसला होता. टक टक टक खट्. टक टक टक खट्… हां, तेच लंगडणं. आई शिवायची आणि आपण दोघी शेजारी झोपायचो, तोच आवाज… सुनेने माझा चेहरा बघितला. घरी येऊन हळूच म्हणाली, 'आई, ते आपलं आहे ना?' मी म्हटलं, गप्प बैस. बाजाराला कळलं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि ती गप्प बसली गं. शिक्षा झाली तरी गप्प. ज्या सुनेला, ती उलट उत्तर देते म्हणून, मी चारचौघांत नावं ठेवते, ती बरोबर तेवढ्याच बाबतीत गप्प बसली.

… काय नाही, समोरच आहे. ऐकतेय सगळं. तिकडे बघ म्हटलं तर पदराने रेडिओ पुसतेय.

आज अपिलात आपला वकील बोलत होता, पण त्याच्या बोलण्यात दम नव्हता. साहेब पानं मिटायला लागले. अपील फेटाळणार, हे मला सुद्धा कळलं. आणि बाहेरून नातीचा आवाज आला. रांगते अजून ती. बाहेर शेजारणीच्या मांडीवर दिली होती, आईसाठी टाहो फोडत होती. सून जागची हलली नाही, फक्त दाराकडे बघत राहिली. मनात म्हटलं, बये, तुझं नाक वाचवायला हे लेकरू सहा महिने असं रडणार का?

उभी राहिले. वकिलाने पदर ओढला तरी उभी राहिले. म्हटलं, 'साहेब, ते मशीन माझंच आहे. माझ्याच घरातून चोरलं आणि मलाच विकलं. जिला आईचं मशीन ओळखता आलं नाही, तिला बाकीचा माल चोरीचा आहे हे काय कळणार?'

… मग काय! आधी टकल्या फिसकन हसला, आणि त्याच्या मागून सगळं कोर्ट. सरकारी वकील म्हणाला, 'इतके दिवस का बोलला नाहीत?' म्हटलं, लाज वाटत होती. म्हणाला, 'तुरुंगापेक्षा लाज मोठी?' म्हटलं, 'साहेब, आमच्या बाजारात एकदा दुकान काढून बघा.'

हो, म्हणाले. जीभ आहे ना माझी ती, एकदा सुटली की सुटली.

साहेबांनी विचारलं, तुमचं कशावरून? मी म्हटलं, खाली पत्र्यावर काहीतरी कोरलेलं आहे, माझ्या बहिणीने लहानपणी खिळ्याने कोरलंय. मला आपलं वाटायचं आईचं नाव असेल. मला कुठे वाचता येतं धड? मशीन उलटं केलं, तिथला रंग खरवडला, आणि कारकुनाने भर कोर्टात खणखणीत वाचलं.

… आठवलं ना?… आठवलं! 'ताई दुष्ट आहे.'

अगं, जज्जसाहेब रुमाल तोंडाला लावून कितीतरी वेळ खोकत होते. खोकला नव्हता तो. आणि मी एवढी वर्षं त्याला आईचं नाव समजून चादरीवरूनच नमस्कार करत होते!… नाही, रागावले नाही. अक्षर चांगलं आहे म्हणे तुझं. कारकुनाने तसं सांगितलं.

पण सरकारी वकील अडून बसला. म्हणे, ताया काय घरोघरी असतात. तर साहेब म्हणाले, कोरणारी बहीण कुठे आहे? तिला उद्या सकाळी आणा. तिची साक्ष घेतो, मग निकाल देतो.

म्हणून…

… म्हणून काय, कळलं नाही का तुला?… मीच म्हणायला हवं?… बरं. ये.

… ये ना गं.

ऐकलंस ना? आता पुन्हा म्हणायला लावू नकोस, दुकानात माणसं आहेत… पहिल्या गाडीने निघालीस तर पोचशील. सून घ्यायला येईल… हो. हो. मशीन ओळखायचं, एवढं तर तू झोपेतही करशील.

पण ते अर्धंच काम. वकील म्हणतो, सरकारी वकील तुला विचारणार, तुमची बहीण वस्तू पारखण्यात हुशार आहे का? तू हो म्हणालीस तर संपलंच. मग म्हणणार, हिने सगळं ओळखून घेतलं. तेव्हा सांगायचं, की माझ्या ताईला काही कळत नाही. नुसतं तोंड मोठं… हो, सगळ्यांसमोर. बाजारासमोर. टकल्यासमोर सुद्धा. लहानपणापासून तुला हेच तर सांगायचं होतं, आता कोर्ट बोलावून घेतंय, भाडं खर्चून ये आणि सांग!

… काय?

नाही म्हणजे?… का नाही?… अगं, मी सांगतेय ना, मी!… खिळ्याने कोरताना बरा जोर आला होता हातात… लहान होतीस. आता मोठी झालीस, आता अजून चांगलं जमायला हवं.

खोटं नाही बोलायचं. शपथेवर आहेस, एक अक्षर खोटं नको. खरंच सांग, फक्त माझं वाईट तेवढं खरं निवड. कमी आहे का?… सुईत दोरा ओवता येत नाही मला, सांग. आरशाची नकली चौकट जुनी शिसवी म्हणून घेऊन आले होते, तुझ्या घरी मिरवली होती, सांग. तेव्हा तू ओळखलं होतंस ना?… मग बोलली का नाहीस?

… माझा चेहरा पडला असता म्हणून?

… बरं.

… काही नाही. शिंक येत होती.

हे बघ, आपण तयारी करू. मी सरकारी वकील. हं. 'बाई, ही तुमची बहीण कशी आहे?'… … नाही! असं नाही! असं बोललीस तर मी आत, सून आत, आणि लेकरू शेजारणीकडे… पुन्हा. 'बाई, तुमच्या बहिणीला व्यवहार कळतो का?'… अगं, आईच्या मागे मी तुला वाढवलं ते कोर्टाने विचारलेलंच नाही!… तुझी फी मी कशी भरली तेही नाही विचारलं. गप्प. कोर्टात जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं.

आणखी एकदा. सोपं करते. नुसतं म्हण, 'माझी ताई बावळट आहे.'… म्हण ना… मोठ्याने… 'जरा' कशाला मध्ये? 'जरा बावळट' ने कोणी सुटत नाही… आणि 'पण' नको! पणच्या पुढे तू काय बोलणार ते मला माहीत आहे, मला नको ते ऐकायला. आत्ता नको आणि उद्या तर मुळीच नको…

रडू नकोस. तू रडलीस की सुनेचं सुरू होतं, आणि इथे गिऱ्हाईकाला वाटेल रेडिओ इतका वाईट आहे.

नीज आता लवकर. पहाटे उठायचंय… हो. हो, ठेवते… आणि ऐक, गाडीत बसलीस की रस्ताभर मला शिव्या देत ये. जिभेला सवय होऊ दे.