दुसरी ओळ

नाही, नाही, शास्त्राच्या गुंडाळलेल्या पटाला हात नको, आधी ती बोटं पुसा, जैतुनाचं तेल लागलंय. हं. आता बसा. बसा हो, तुम्ही त्या नासरेथकर गुरूचे अनुयायी म्हणून मी काही हाकलून देत नाही. आमच्या यहुदी सभास्थानातले लोक कुरकुरतात — हा शमाया कोणालाही पट उघडून दाखवतो म्हणतात — म्हणू देत, सगळ्या अंत्युखिया शहरात पट सांभाळायला दुसरा कोण मिळणार आहे त्यांना? तर तुमच्या गुरूच्या चरित्राचं हे लिखाण. वाचलं मी, सकाळपासून दोनदा वाचलं. अक्षर बरं आहे. पण भल्या माणसा, यात तुमचं असं काय आहे? सगळं आमच्या संदेष्ट्यांचं — जन्माचं गाव मीखाचं, रानातली हाक यशयाची, गाढव — गाढवसुद्धा आमच्या जखऱ्याचं! हसताय काय? मागच्या वर्षी तुमच्यातलाच एकजण आला होता, त्याने तर गुरूला दोन गाढवांवर बसवलं होतं. म्हटलं, अरे बाबा, आमचे कवी एकच गोष्ट दोनदा सांगतात, गाढव एकच असतं! ऐकेल तर शपथ. लिहिलेलं सगळं पूर्ण व्हायलाच हवं, म्हणाला.

चोरी म्हणत नाही मी. घरात माणूस गेला की आपण काय करतो? पेटीतलं जुनंच वस्त्र काढतो. तुमचा माणूस गेला, तुम्हाला शब्द सुचेनात, तुम्ही आमची पेटी उघडलीत — आमची तरी कशाला, तुमचे पहिले लोक आमच्याच घरातले की. पण ही शेवटची पानं, वधस्तंभाची... शिपाई कपडे वाटून घेतात, येणारे-जाणारे मुंड्या हलवतात — सगळं आमच्या एका जुन्या स्तोत्रातलं. तुम्ही पाहिलंत? नाही ना, तुमचा जन्मही नव्हता. मग स्तोत्रातून उचललंत की खरंच झालं? — असू दे, झालं असेल. शिपाई तसंच करतात. फासे टाकतात, आईने विणलेला अंगरखा असला तर फाडत नाहीत, एकजण तर अंगाला लावून बघत होता —

कोणाचा म्हणजे? तोबियाचा. माझ्या भावाचा.

यरुशलेमला वेढा पडला तेव्हाची गोष्ट. भुकेने चामड्याचे पट्टे चावत होतो आम्ही. पहाटे दोघं तटाबाहेर ओढ्यात पाला खुडायला उतरलो आणि वेढ्यातल्या शिपायांनी त्याला पकडलं. मी खडकामागच्या खळग्यात — पंधरा पावलं, जास्त नाही. मी तिथे आहे हे त्याला माहीत होतं, पण एकदाही वळून पाहिलं नाही त्याने, मला दाखवून दिलं नाही. तिथेच वधस्तंभावर ठोकलं. दुपारी त्या खांबावरून ओरडला — त्याच स्तोत्राची पहिली ओळ. देवा, मला का टाकलंस. आता आमच्या घरची रीत सांगतो — वडील स्तोत्रं शिकवायचे ती दोघांत वाटून, पहिली ओळ तोबियाची, दुसरी माझी. जेवताना, विहिरीवर, कुठेही त्याने पहिली म्हटली की मी दुसरी म्हणायची, नाहीतर कान पिळला जायचा. तो ओरडला आणि थांबला. थांबला हो! माझ्यासाठी थांबला. परत तीच ओळ, परत थांबला. मी तोंडात माती कोंबून पडलो होतो. आणि त्या दुसऱ्या ओळीत आहे काय, तर हाक मारली तरी उत्तर येत नाही! म्हणजे मी ती म्हटली असती तर ती खोटी ठरली असती. तुम्ही पानोपानी लिहिता ना, शास्त्रात होतं ते पूर्ण झालं म्हणून? मीही पूर्ण केलं. गप्प राहून. सोळा वर्षं झाली, अजून कळत नाही — तो देवाला विचारत होता की मला?

म्हणून ते स्तोत्र मी वाचून दाखवणार नाही, कितीही विनवलंत तरी. सभास्थानात ते स्तोत्र आलं की मला खोकला येतो, मग दुसरं कोणीतरी पुढे होतं. तुम्हाला त्याचा शेवट हवाय ना, तिथे स्तुती आहे, आनंद आहे, तो गुरूच्या तोंडी घालायचाय? घालू नका. तुमच्या कागदावर तो पहिलीच ओळ म्हणतो आणि मरतो, ते बरोबर आहे. तुमच्या गुरूचे मित्र कुठे होते तेव्हा? पळाले? हं. लांब नसतील गेले, जवळच लपले असतील कुठेतरी. त्यांना कधी विचारलंत का, झोप लागते का म्हणून?

बाकी सगळं न्या. गाव न्या, गाढव न्या, अंगरखाही न्या. हा पट उघडून ठेवतो, इथून सुरू होतं बघा. उतरवून घ्या, मी खिडकीशी बसतो, फक्त मनातल्या मनात —

अहो! मोठ्याने नको! ओठ हलवल्याशिवाय वाचता येत नाही का तुम्हाला? थांबा — पहिली ओळ झाली, पुढे नको, गप्प बसा म्हणतो ना! ती ओळ माझी आहे. ती मी म्हणायची आहे, त्याला... ठेवा तो पट. उठा. जा आता, जा.