पहिल्या तव्याची पाठ

नाही नाही साहेब, त्या खुर्चीवर नका बसू — तिचा मागचा पाय ढिला आहे, गेल्या साली तपासणीला आलेले साहेब तिच्यावरूनच... जाऊ द्या. इकडे बसा, खिडकीपाशी. पाणी घ्या, माठातलं आहे. चाळीसगावहून धुळ्यापर्यंत त्या डब्यात माणूस भाजून निघतो, मला काय माहीत नाही? चुडामण सर येतीलच — घरी जेवायला गेलेत, सायकलवर जातात, सायकलवर येतात, अर्धा तास धरा. तोवर मी आहे. मी उखर्डू. शिपाई. म्हणजे घंटा देणारा तो वेगळा, मी संगीताच्या वर्गाचा — ग्रामोफोन लावायचा, त्याचे गाण्याचे तवे पुसायचे, पिना बदलायच्या. पेपर ना? ते काय, तांबड्या फडक्यात बांधलेत. चौदा आहेत. तुम्ही सही केली की मुंबईला रवाना. लगेच करता? करा की, मी कोण थांबवणारा. चारची गाडी आहे तुमची. फक्त — सगळ्यात खालचा पेपर आहे ना साहेब, तेवढा वाचून करा. नाही, काही नाही. सहज म्हणालो.

तुम्हाला वाटत असेल, खेड्यापाड्यात मास्तर व्हायला निघालेल्या पोरापोरींना विलायती संगीत कशाला? आम्हालाही वाटलं होतं. पण सरांची हौस! सर मुंबईला सहा आठवडे कुठल्याशा वर्गाला बसून आले आणि आल्या आल्या म्हणाले, आपल्या विद्यालयात संगीत-रसग्रहण सुरू करायचं, आपल्या मास्तरांना नुसती प्रार्थना म्हणता येऊन भागणार नाही, जग ऐकता आलं पाहिजे. मोठा माणूस आहे साहेब, मनाने मोठा. स्वातंत्र्य आलं तेव्हा भुसावळचा एक रेल्वेवाला गोरा साहेब बिऱ्हाड मोडून विलायतेला निघाला, त्याच्याकडून सरांनी तव्यांची पेटी मागून आणली, मांडीवर घेऊन आणली. त्यातला हा चार तव्यांचा संच — जर्मनीतला कोणी रचणारा, नाव घेताना माझ्या जिभेला गाठ पडते — पण रोमँटिक काळातला. रोमँटिक म्हणजे सिनेमातलं नव्हे हो, सर पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितात. वर्षभर ते चार तवे ऐकायचे आणि शेवटी त्याच्यावर मोठा निबंध. निबंधात पास तर सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असेल तर शाळा. नाहीतर जा घरी.

वाचलात का वरचे? एक वाचला की तेरा वाचले. "रोमँटिक माणसाचे मन चंचल असते. ते क्षणात रडते, क्षणात विजयाने नाचते, पुन्हा रडते." बरोबर? सगळ्यांनी तेच लिहिलंय. सर तसंच शिकवतात ना. पहिली बाजू लावली की कसं असतं — मयताच्या घरासारखं, हळू, जड, एकच कोणीतरी खाली खाली बोलतंय. ती संपली की मी तवा उलटतो, आणि पाठीवर एकदम ढोल, कर्णे, लग्नाच्या वरातीसारखं! मग दुसरा तवा — परत रडं. सर डोळे मिटून म्हणतात, बघा, हा रोमँटिक स्वभाव. मीही चार वर्षं मान डोलवत होतो. मला काय कळतंय? पोळीसारखं — एक अंग झालं, उलटा, दुसरं अंग. तवा आहे तर तव्यासारखाच लावणार ना.

हां, खालचा काढलात. रुपलीचा. रुपली दिवल्या पावरा. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव आहे तिचं, तिथून शिकून आलेली पहिली पोरगी. बाप डिंक-मोह गोळा करतो, पावसावर थोडी ज्वारी. गावात शाळेचं छप्पर उभं आहे साहेब, मास्तर नाही — जो जातो तो आठ दिवसांत पळून येतो, त्याला तिथली बोली येत नाही, पोरांना त्याची येत नाही. तिला तीच शाळा द्यायचं ठरलंय. पास झाली तर. आणि तुम्ही लाल शाई बघताय. "उद्धट. विषयाशी विसंगत. नापास." सरांचंच अक्षर आहे. सर कधी असं लिहीत नाहीत हो, कोणाच्याच पेपरवर नाही. पण तुम्ही तिचंही वाचा. मी चौथी शिकलोय, मी वाचलंय — पेपर बांधताना नजर पडली. म्हणजे, वाचलंच मी. दोनदा. "या संगीतातला माणूस लहरी नाही. तो रडत रडत चालत राहतो आणि शेवटी पोचतो. आम्ही वर्गात त्याला पोचू दिले नाही. आम्ही त्याचा शेवट सुरुवातीलाच वाजवला आणि मग त्याला पुन्हा मागे ओढला." असं आहे ना? दुसऱ्या पानावर, वरच.

खरं? आता खरं म्हणजे — ते मी कसं सांगू, मी शिपाई माणूस. ती म्हणते तसं. दिवाळीच्या सुट्टीनंतर आली होती माझ्याकडे, मी पिना निवडत बसलो होतो. म्हणे, "उखर्डू नाना, हाई बठ्ठं उलटंपालटं शे." मी म्हटलं, सगळं? काय उलटं शे? तर म्हणे, बाजू संपते तेव्हा सूर मध्येच तुटतो, आणि त्याचं तुटलेलं टोक पाठीवर सापडत नाही, दुसऱ्या तव्यावर सापडतं. गुणगुणून दाखवलं तिने. इथे तुटलं — आणि इथे जोडलं. साहेब, माझ्या अंगावर काटा आला. चार वर्षं मी स्वतःच्या हाताने लावतोय आणि मला टोक दिसलं नाही. मग तिने तव्यावरचा गोल कागद दाखवला. इंग्रजी आकडे. पहिल्या तव्यावर एक, आणि पाठीवर — आठ. दुसऱ्यावर दोन, पाठीवर सात. मग तीन-सहा. मग चार-पाच. त्या भुसावळच्या गोऱ्याकडे मोठं यंत्र होतं, चार तवे एकावर एक रचून ठेवायचे, एकेक आपोआप खाली पडायचा, एक-दोन-तीन-चार. मग सगळी चळत एकदम पालथी घालायची, की पाच-सहा-सात-आठ. त्याच्या यंत्रासाठी केलेले तवे ते! आमचं चावीचं यंत्र, एका वेळी एक तवा. सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, उखर्डू, वरपासून एकेक लाव. मी वरपासून एकेक लावला. एक, मग आठ.

सरांना सांगितलं का? तुम्ही पोलिसासारखं विचारताय. तिने सांगितलं. भर वर्गात उभी राहून सांगितलं, की सर, कागदावर आकडे आहेत. सर म्हणाले, दाखव. मी तवे आणून दिले. आकडे नव्हते. — आता नव्हते म्हणजे, वाळवी लागली होती हो पेटीला. कागद खाल्ला होता वाळवीने, सरांनाही तेच सांगितलं मी. हे बघा, हा पहिला तवा, बघा ना, मधला कागद खरवडलेला आहे. सर खूप रागावले. म्हणाले, तुझ्या डोंगरात ऐकलं होतंस का हे कधी? सगळा वर्ग हसला. ती खाली बसली. तिने फक्त माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्या नखांत निळा कागद अडकला होता, ओला लगदा, एवढासा. आदल्या रात्री फडकं भिजवून — किती घासलं तरी आठचा आकडा जात नव्हता, शेवटी पात्याने —

काय म्हणालो मी? पातं? नाही, वाळवीच. पातं कुठलं, पातं मी दाढीचं... 

साहेब, असं माझ्या नखांकडे बघू नका. रागवा तरी.

बरं. ऐका मग. तुम्ही सरांना ओळखत नाही. पाचोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये माझी ही दोन बोटं गेली — ही बघा — मालकाने हात झटकले. कोणी दारात उभं करत नव्हतं. सर म्हणाले, तवा उलटायला आठ बोटं पुरतात, चल धुळ्याला. आणि आल्या दिवशी वर्गासमोर सांगितलं, या तव्यांना उखर्डूशिवाय कोणी हात लावायचा नाही. प्रोफेसर नाही, प्रिन्सिपॉल नाही — उखर्डू. त्या माणसाला मी जाऊन सांगू, की सर, चार वर्षं आपण उलटं वाजवलं? तुमचं ते चंचल मन, तुमचा तो रोमँटिक स्वभाव, तो माझ्या हातामुळे झाला? पुण्याच्या मासिकात त्यांनी लेख लिहिलाय त्याच्यावर! फ्रेम करून घरात लावलाय. मला वाटलं, आकडे गेले की विषय संपला. पोरगी गप्प बसेल, वर्षाअखेरी निबंध लिहील बाकीच्यांसारखा, पास होईल, जाईल तिच्या डोंगरात. कोणाचं काय बिघडलं? मी तिला सांगितलंसुद्धा — परीक्षेच्या आदल्या दिवशी, नळावर. म्हटलं, बाई, सर सांगतात तसं लिही. क्षणात रडतं, क्षणात नाचतं. एवढंच लिही. तर म्हणे, "नाना, मी पोरांना एकापासून आठपर्यंत आकडे शिकवायला जातेय. मीच खोटे मोजू?"

रागाने नाही हो म्हणाली. साधं म्हणाली. आणि सगळ्यात वाईट ते काय — तिने माझं नाव कुठेच लिहिलं नाही. बघा, चारी पानं बघा. "आम्ही वाजवला," "आम्ही मागे ओढला." आम्ही! उखर्डूने आकडे पुसले असं एक वाक्य लिहिलं असतं तर सरांनी मला विचारलं असतं, आणि मी — मी काय, नाहीच म्हणालो असतो. तिला ते ठाऊक असणार. मला लाज वाटते साहेब. झोप येत नाही म्हणावं तर खोटं होईल, झोप येते, पण सकाळी हा दरवाजा उघडताना वाटते.

काय बघताय घड्याळात? पेन उघडलंत? नका ना. थांबा. सर आता येतील, तुम्ही सही कराल, मग ते फडकं बांधून मीच पोस्टात टाकणार. मीच! थांबा एक मिनिट — तो तवा इकडे द्या. नाही, तुम्हीच धरा. कागद गेला ना? जाऊ द्या कागद. खिडकीकडे धरा, असा तिरपा, ऊन काळ्यावर पडू द्या. कागदाच्या कडेला, जिथे रेघा संपतात तिथे — खिळ्याने कोरल्यासारखं काही दिसतंय? लांबलचक आकडा आहे, त्याचा शेवटचा बघा. एक. आता उलटा. हळू, काचेसारखा फुटतो तो. शेवटचा? आठ. हां. तवा करतानाच कोरलेला आहे तो. तो घासून जात नाही, मी घासून बघितलाय. दुसरा हा घ्या — दोन, सात. मला संक्रांतीच्या सुमारास दिसला, पुसता पुसता. तीन महिने झाले. तीन महिने मी हे तवे उजेडापासून लांब ठेवले, पेटीवर घोंगडी टाकून. ती रोज वर्गात येत होती, रोज मला "नाना, चावी भरू का" विचारत होती, आणि मी घोंगडीवर बसलो होतो.

पेन खाली ठेवलंत. बरं केलंत.

नाही, तुमच्यासमोर लावत नाही आता, वेळ नाही. पण एकदा लावला होता मी, रविवारी, कोणी नव्हतं तेव्हा. तिने सांगितलं तसा, एक-दोन-तीन-चार, मग पाच-सहा-सात-आठ. दर वेळी तवा काढायचा, दुसरा चढवायचा, परत मागचा शोधायचा, आठ बोटांनी जीव मेटाकुटीला आला. पण पोचतो साहेब. तो माणूस खरंच पोचतो. शेवटचा ढोल वाजतो ना, तेव्हा तो उगाच नाही वाजत, एवढी वाट चाललेली असते त्याच्याआधी. मी इथे, दाराच्या याच पायरीवर बसून रडलो. हे कोणाला सांगू नका.

घंटी ऐकलीत? सायकलची. सर आले. गेटापाशी उतरतात, लिंबाला सायकल टेकवतात, टोपी नीट करतात, मग येतात. साहेब, मी काय बोललो ते — तुम्ही ऐकलं नाही असं समजा. नाहीतर असं करा, तुम्हाला आपोआप दिसलं म्हणा, तवा हातात घेतला आणि ऊन पडलं. माझं नाव कशाला मध्ये. तिनेही घातलं नाही, तुम्हीही... माझी नोकरी आहे हो. पण तिला पास करा. दोन्ही होईल ना? एवढे शिकलेले आहात, दोन्ही होईल असं काहीतरी —

या सर. हो, साहेब केव्हाचे आलेत. पाणी दिलंय. नाही, काही नाही, साहेब तवे बघत होते. पेटीत ठेवू? हो सर, ठेवतो... साहेब, द्या इकडे.

साहेब, द्या ना.

नाही — राहू द्या. तुमच्याच हातात राहू द्या. सर, तुम्ही आधी बसा. ती खुर्ची नको, ढिली आहे, ही घ्या. सर, ती वाळवी नव्हती.